सतरा सेकंदांची लाट

“पीरियड किती आहे, मेट?” ग्रेगने फोनवर विचारलं.

गुरुवारची सकाळ. आठला दहा मिनिटं कमी होती. मी मस्कतच्या ऑफिसात दुसऱ्या चहाची वाट बघत होतो. दिवसाचा फोरकास्ट सहा वाजताच साइटवर फॅक्स केला होता, त्यामुळे मी तसा निवांत होतो.

माझं काम समुद्राचा अंदाज सांगण्याचं. सरकारी हवामान खात्यात नव्हे, समुद्रात बांधकामं करणाऱ्या एका खासगी कंपनीत. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची आहे. सूरच्या पुढे रास अल हद्दला वळसा घातला की अरबी समुद्राचा उघडा किनारा लागतो. तिथे अश्खरा गावाच्या खाली आमची साइट होती. खारं पाणी गोडं करण्याच्या प्लांटसाठी समुद्रातून पाणी आत घेणारा मोठा पाइप टाकायचा होता. किनाऱ्यापासून साधारण आठशे मीटरवर प्रवाळाची रीफ होती. तिच्या बाहेरच्या कडेला तळात चर खणलेला होता, आणि पाइपचा एकेक तुकडा बार्जवरच्या, म्हणजे नांगरून ठेवलेल्या सपाट तराफ्यावरच्या, क्रेनने त्या चरात उतरत होता. खाली डायव्हर तो हातांनी जागेवर बसवत होते. एप्रिल चालू होता. खरीफ, म्हणजे तिकडचा मॉन्सून, सुरू झाला की समुद्रात पाय ठेवता येत नाही. म्हणून सगळी घाई.

ग्रेग आमच्या कंपनीचा नव्हता. मस्कतमध्ये इमारतींचे नकाशे काढणारा हा ऑस्ट्रेलियन. त्याची गुरुवार-शुक्रवारची सुट्टी लागली की (आम्हाला फक्त शुक्रवार) जीपच्या टपावर सर्फिंगची फळी बांधून त्याच किनाऱ्याकडे पळायचा. आमची एका पार्टीत ओळख झाली आणि मी लाटांवर पोट भरतो हे कळल्यावर त्याने मला सोडलंच नाही. दर गुरुवारी अश्खराच्या कार्डफोनवरून त्याचा फोन ठरलेला. आणि प्रश्नही एकच. लाट किती उंच, हे तो विचारायचाच नाही.

पीरियड म्हणजे काय ते सांगतो. एका लाटेचा माथा तुमच्यासमोरून गेला की दुसरीचा माथा येईपर्यंत जितके सेकंद लागतात, तो पीरियड. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट चार-पाच सेकंदांची. दिसायला खवळलेली, पण अंगात दम नाही. हजारो मैलांवरच्या वादळातून निघालेली लाट मात्र पंधरा-अठरा सेकंदांची असते. तिला आम्ही स्वेल म्हणतो. खोल समुद्रात ती दिसतही नाही, जहाज फक्त हळूच वर जातं आणि खाली येतं. पण तीच रीफवर आली की तळाला घासून उभी राहते. कागदावरची एक मीटरची लाट तिथे दोन मीटरची होते. सर्फिंगवाल्यांना हेच हवं असतं.

“थांब, बघून सांगतो,” मी म्हणालो आणि पहाटे चारच्या रिपोर्टांची चळत ओढली. समुद्रावरची जहाजं दर सहा तासांनी हवा आणि लाटांची नोंद पाठवतात. त्यातलं एक जहाज आमच्या साइटच्या दक्षिणेला एकशे तीस सागरी मैलांवर होतं. लाटेची उंची ०.९ मीटर. हा आकडा मी सहाच्या फॅक्समध्ये घातला होता. कामाची मर्यादा १.२ मीटर, म्हणजे सगळं आलबेल. त्याच्याच शेजारी पीरियड लिहिलेला होता.

“सतरा,” मी वाचलं.

ग्रेग फोनवर आनंदाने असा ओरडला की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला. आणि मग तो आकडा मी पुन्हा वाचला.

सकाळी मी हा आकडा वाचलाच नव्हता. कारण माझ्या फॉर्मवर तो लिहायला जागा नव्हती. पूर्वी होती. पण साइटवरून रोज कोणीतरी फोन करायचं, “रॉड्रिक्स, यातला कामाचा आकडा कोणता?” कोणी पीरियडलाच उंची समजायचं, कोणी दोन्हींची बेरीज करायचं. मला या फोनांचा भयंकर वैताग आला होता. दोन महिन्यांपूर्वी मी नवा सुटसुटीत फॉर्म केला. वारा, उंची, काम करा किंवा करू नका. पीरियडचा रकाना मी स्वतःच्या हातांनी काढून टाकला. फोन बंद झाले. बॉसने पाठ थोपटली. मीही खूश होतो. पण रकाना गेला तसा त्या आकड्याकडे बघायची माझी सवयही गेली. भरायचंच नाही तर बघायचं कशाला? वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने ही चूक करावी, याची मला आजही लाज वाटते.

“ग्रेग, फोन ठेवू नकोस. तिथून समुद्र दिसतोय?”

“दिसतोय की. ताटासारखा सपाट. म्हणून तर तुला विचारलं.”

मी पेन्सिल घेतली. स्वेलचा वेग काढायचं आमचं एक सोपं गणित आहे. सेकंदांची दीडपट केली की ताशी सागरी मैल. सतराची दीडपट साडेपंचवीस. एकशे तीस मैलांना पाच तास. चारमध्ये पाच मिळवले. नऊ वाजता.

नऊला साइटवर पाइपचा तुकडा साखळदंडांना लटकत असणार आणि त्याच्या खाली तीन माणसं असणार. सतरा सेकंदांची लाट वरून गेली की तळाशी पाणी चार-पाच मीटर पुढे जातं आणि तेवढंच मागे येतं. त्या पाण्यात पाइपला वजनासाठी बसवलेलं काँक्रीटचं कडं कसं झुलेल, याचं चित्र मला नको असताना दिसायला लागलं. त्या तिघांत एक मयेकर होता. मालवणचा. मुंबईच्या गोदीत डायव्हिंग शिकलेला. मस्कतला आला की आमच्याच घरी उतरायचा, माझ्या बायकोला वैनी म्हणायचा आणि तिच्या हातच्या कालवणाचा शेवटचा थेंबसुद्धा पुसून खायचा.

मी ग्रेगला जमेल तितक्या थोडक्यात सांगितलं. तो एकदम गंभीर झाला. पीरियडचा अर्थ त्याला समजवावा लागला नाही. त्या अख्ख्या किनाऱ्यावर तो आकडा कळणारा तेव्हा तो एकटाच असेल.

“कच्चा रस्ता आहे. पंचवीस मिनिटं,” तो म्हणाला. “पण बार्ज तर पाण्यात आहे. तिथे कसा पोचू?”

“फळी आहे ना तुझ्याकडे?”

“आहे की,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मग मी साइट ऑफिसला फोन लावला. वाजत राहिला. पाइप उतरायचा म्हणजे सगळा गाव बीचवर. पुन्हा लावला. वायरलेसची मजल किनाऱ्यापासून बार्जपर्यंत, मस्कतहून त्याचा उपयोग शून्य. मोबाइल तेव्हा मस्कत सोडलं की खेळणं होतं. फॅक्स मात्र केला, मोठ्या अक्षरांत ‘स्टॉप’ लिहून. रिकाम्या केबिनमध्ये तो व्यवस्थित पोचल्याची चिठ्ठीसुद्धा मशिनने मला काढून दिली.

मग बॉसच्या केबिनमध्ये गेलो. डंकन, स्कॉटिश, शांत माणूस. त्याने माझा सहाचा फॅक्स समोर ठेवला.

“०.९. मर्यादा १.२. मग प्रॉब्लेम काय?”

“पीरियड सतरा आहे.”

“हे इथे कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. तो रकाना मी काढला.”

त्याने फॅक्स बाजूला सारला. “मग साइटला निरोप दिलास?”

“फोन कोणी उचलत नाही. एक मित्र गेलाय. सर्फर आहे.”

“आपल्या साइटवर? बाहेरचा माणूस? फळीवर बसून?”

“हो.”

“त्याचा इन्शुरन्स?”

 डंकनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि लाट आलीच नाही तर?”

“तर फारच चांगलं होईल,” मी म्हणालो, आणि मला ते मनापासून म्हणायचं होतं.

पावणेनऊ. जागेवर परत येऊन मी तेच गणित चौथ्यांदा केलं. प्रत्येक वेळी नऊच येत होते. पण जहाजाने लाट चारला नोंदवली याचा अर्थ ती चारलाच तिथे पोचली असा नव्हता. तासभर आधीही पोचलेली असू शकते. मग नऊ नाही, आठ. म्हणजे आत्तापर्यंत जे व्हायचं ते होऊनही गेलेलं असेल. हा विचार डोक्यात आला आणि मी पाचव्यांदा पेन्सिल उचलली.

फोन वाजला. झडप घालून उचलला. बायको होती, फिलोमिना.

“अहो, उद्या मयेकरभाऊजी जेवायला येतायत ना? सुरमई घेऊ की कोळंबी?”

मी घड्याळाकडे बघितलं.

“हॅलो? ऐकू येतंय का?”

“काहीही घे,” मी म्हणालो. “फोन मोकळा ठेव. नंतर सांगतो.”

“काय झालं?”

“नंतर, फिला.”

साडेनऊ. दहा. सव्वादहा. ऑफिसबॉयने आणलेल्या चहावर साय धरली. डंकन दोनदा दारापर्यंत आला आणि काही न विचारता परत गेला. मी वसईचा ख्रिस्ती माणूस, रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणतो. त्या सकाळी मात्र मला एकही ओळ धड आठवेना. नुसतं देवाचं नाव घेत होतो.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी साइट ऑफिसमधून फोन आला. ग्रेगच होता. आवाज बसलेला.

“तिघंही वर आलेत,” हे त्याने आधी सांगितलं. भला माणूस. “पण एकाचा हात गेलाय कामातून. मयेकर. त्याला सूरच्या हॉस्पिटलला नेतायत.”

नंतर त्याच्याकडून आणि इतरांकडून सगळं कळलं ते असं. ग्रेग बीचवर पोचला तेव्हा पंधरा-वीस माणसं उभी होती. हातवारे करणारा गोरा बघून सगळे हसले. वायरलेस ज्याच्याकडे होता तो फोरमन बार्जवर गेलेला. मग ग्रेग फळी घेऊन पाण्यात उतरला आणि हातांनी पाणी मारत आठशे मीटर गेला. बार्जचा नाखवा सलीम म्हणून सूरचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर काढलेलं घराणं. त्याने वरून हाक मारली, “बहर झेन, सदीक! समुद्र छान आहे, दोस्ता!” आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता. लांबच्या स्वेलच्या लाटा चार-पाचच्या घोळक्याने येतात. मध्ये दहा-पंधरा मिनिटं पाणी तेलासारखं पडून असतं. त्या वेळी बघणाऱ्याला काय दिसणार?

ग्रेग खालून ओरडत होता आणि वर दोघं-तिघं त्याची थट्टा करत होते. तेवढ्यात बार्जच्या नांगराची साखळी आपोआप ताणली गेली. वारा नाही, लाट नाही आणि साखळी ताठ. मग सैल. मग पुन्हा ताठ. सलीमचं हसू तिथेच थांबलं. “खलास! यल्ला, यल्ला, वर घ्या!” तो ओरडला.

दोन डायव्हर ताबडतोब वर आले. मयेकर मागे राहिला. पाइप लटकता सोडला असता तर तो झुलून बार्जवर आदळला असता, म्हणून मयेकर साखळदंड सोडवत थांबला. शेवटचा हुक निघाला आणि पहिला घोळका रीफवर आला. काँक्रीटच्या कड्याने त्याचा उजवा हात चराच्या भिंतीला दाबला. पुढच्या लाटेने पाइप उचलला तेव्हा हात सुटला. दहा मिनिटं उशीर झाला असता तर तिघंही पाइपच्या खाली सापडले असते.

ग्रेगने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दिवसासारख्या सुरेख लाटा ओमानात त्याने कधी बघितल्या नव्हत्या. त्या सगळ्या त्याने बार्जच्या शिडीला लोंबकळत बघितल्या.

शुक्रवारी सकाळी मी आणि फिला गाडीने सूरला गेलो. पाच तासांचा रस्ता. मयेकर खाटेवर बसला होता, हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये.

“कित्याक इलात एवढ्या लांब?” तो म्हणाला. आणि लगेच, “वैनीन काय आणल्यान?”

फिलाने डबा उघडला आणि डोळे पुसत त्याला भरवायला बसली. तो जेवता जेवता ग्रेगची नक्कल करून दाखवत होता. “ह्यो गोरो फळयेर पडान इलो. माका वाटला, ह्येका येड लागला! पण तुमी धाडलात म्हणान वाचलंव, सायबा. तुमचे उपकार.”

साइटवर सगळे हेच म्हणत होते. डंकनसुद्धा म्हणाला होता की वेळेवर इशारा दिल्याबद्दल कंपनीकडून मला पत्र मिळेल. मला ते सहन होईना. फिला डबा धुवायला गेली तेव्हा मी मयेकरला सगळं सांगून टाकलं. रकाना, सुटसुटीत फॉर्म, फोनांचा वैताग, न वाचलेला आकडा. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हतो, प्लास्टरकडे बघत होतो.

त्याने चांगल्या हाताने पाठीमागची उशी सरकवली. मग म्हणाला, “रकानो खंयचो? माका त्यातला काय कळता? मी त्या कागदार आकडे कधी बघूकच नाय. खाली तुमची सही आसा काय, तेवढाच बघतंय. सही आसा म्हणजे पाण्यात जावचा.”

तो मला धीर द्यायला बोलला होता. मी मान हलवली आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

शनिवारी मी नवा फॉर्म काढला. पीरियडचा रकाना उंचीच्या आधी घातला, आणि बारा सेकंदांच्या वर गेला तर उंची कितीही असो, काम बंद, असा नियम खाली लिहिला. साइटवरून पुन्हा फोन सुरू झाले, “रॉड्रिक्स, यातला कामाचा आकडा कोणता?” मी प्रत्येकाला समजावून सांगत राहिलो. मयेकरच्या मुठीत पूर्वीची ताकद आली नाही. डायव्हिंग सुटलं. कंपनीने त्याला मस्कतजवळच्या बरक्याच्या यार्डात स्टोअरकीपर केलं आणि तिथे तो रिटायर होईपर्यंत राहिला.

नव्याने या कामाला लागणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की फॉर्ममधलं काही काढायचं असेल तर आधी पाण्यात उतरणाऱ्याला विचारा. त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी रोज सकाळी फोरकास्ट दिला. फॅक्सच्या जागी ईमेल आला, तरी मी कागद छापून, सगळे आकडे मोठ्याने वाचून, त्यावर सही करायचो आणि मगच तो स्कॅन करून पाठवायचो. ऑफिसातली नवी पोरं हसायची, त्यांचंही बरोबर होतं. सही करायला मला चांगली पाच मिनिटं लागायची.