ऋषीचा ‘हाय’

समजा, तुम्ही स्वतःच्याच गोलकडे तोंड करून धावताय. बॉल डोक्यावरून येतोय, समोरच्या टीमचा स्ट्रायकर खांद्याला चिकटलाय आणि तुमचा गोलकीपर पुढे सरकतोय. बॉल तुम्ही घेणार की त्याने घ्यायचा, हे एका शब्दात सांगायचं आहे. कोणता शब्द येईल तोंडात?

ऋषीच्या तोंडात आला ‘हाय’.

ऋषी विश्रांतवाडीजवळच्या कळसचा. गाव शहरात येऊन जमाना झाला, पण घरची बोली तशीच राहिली. ‘हाय’ म्हणजे मी आहे, बॉल माझा. पुण्यातल्या एका व्यावसायिक क्लबमध्ये तो डिफेंडर म्हणून नवीनच आला होता, करार फक्त त्या मोसमापुरता. गोलकीपर जिजो केरळचा. त्याला वाटलं, ऋषी इंग्रजीत सांगतोय की बॉल उंच आहे. त्याने उडी मारली ती थेट ऋषीवर. दोघे खाली, आणि बॉल टप्पे खात जाळ्यात.

स्टँडमधून खास सदाशिव पेठी आवाज आला, “अहो, आपण आहात ते दिसतंय. बॉल कुठंय?”

तो व्हिडिओ फोनाफोनांवर फिरला. चहाच्या टपरीवरही पोरं विचारायची, ऋषी हाय का? कोचने फर्मान काढलं, यापुढे ‘माय बॉल’ असंच ओरडायचं. सरावाचा सामना बघायला आलेल्या आईने, सरुबाईंनी, घरी गेल्यावर काळजीने विचारलं, “लागलं हुतं का रं कुठं? सारखा माय माय करीत हुतास.”

हसू आलं, पण अडचण खरी होती. इंग्रजी शब्द आठवेपर्यंत स्ट्रायकर पुढे निघून जायचा. ऋषी बेंचवर बसायला लागला. असंच चाललं तर करार संपणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी त्याने जिजोलाच गाठलं. मी इंग्रजी शिकण्यापेक्षा तू मराठी शीक, म्हणाला. सराव संपला की दोघे मैदानावर थांबायचे. ‘हाय’ म्हणजे माझा, ‘घे’ म्हणजे तुझा. तेवढ्यावर काम भागलं. कोचने ते पाहिलं आणि ऋषीला पुन्हा खेळवलं.

सामन्यात तसाच बॉल आला. ऋषी ओरडला, “हाय!” जिजो जागच्या जागी थांबला आणि ऋषीने हेडर मारून बॉल बाहेर काढला. स्टँडही ओरडलं, “हाय!” या वेळी त्यात टोमणा नव्हता.

करार वाढला. कळसची पोरं आता त्याच्या नंबरची जर्सी घालून खेळतात. जिजो तर भाजीवाल्या मावशींनाही विचारतो, भेंडी हाय?

ऋषी खूश आहे. फक्त हल्ली बॉल त्याच्या बाजूला वळला, की तो तोंड उघडायच्या आधीच अख्खं स्टँड ‘हाय’ म्हणून गर्जतं. परवा सराव संपल्यावर त्याने कोचला विचारलं, “सर, एवढ्या लोकांत माझा हाय जिजोनं वळखायचा कसा?”