भोंग्याने काढलेली हवा

आमच्या मामाला सगळे पाठीमागे भोंगा म्हणतात. मामी तोंडावर म्हणते. तो बस स्थानकावर उद्घोषक आहे. कुठली बस कुठल्या फलाटावर लागणार ते माइकवर सांगायचं आणि निवांत चहा प्यायचा. बस खरंच लागली का, हे बघायला तो खिडकीतून मान काढत नाही. सांगितलं म्हणजे झालं. घरीही तेच. नाकातून, शेवटचा शब्द ताणत, "पंखा बंद करण्यात येत आहेऽऽ" म्हणतो आणि पंखा फिरतच राहतो. बटण मामी दाबते.

मागे एकदा त्यांची जुनी गाडी मामीच्या माहेरच्या चढावर तापली. बॉनेटमधून वाफ निघाली आणि मामीच्या आईला रस्त्याकडेच्या दगडावर बसवावं लागलं. तिथे आजींनी जे तोंड सोडलं ते घर येईपर्यंत मिटलं नाही. त्या आता पुन्हा लेकीकडे राहायला आल्या होत्या. मामीने निकाल दिला की रविवारी त्यांना सोडायला याच गाडीतून जायचं आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला तर गाडी समोरच्या दंतवैद्याला विकायची. तो कधीपासून मागतच होता. मामाचं तोंड एवढंसं झालं. त्याचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेणारं घरात गाडीशिवाय दुसरं होतं कोण?

गॅरेजवाल्याने इंजिन गार ठेवणारं कूलंट बदला म्हटलं होतं. मामाने ते काम घरीच काढलं. शनिवारी सकाळी, इंजिन गार असताना, मामीचा कपडे भिजवायचा टब गाडीखाली सरकवला आणि रेडिएटरचं खालचं बूच काढलं. गंजकं पाणी टबात, थोडं बाहीत. मग बूच लावून नवं गुलाबी कूलंट भरलं. उरली हवा. ती नळ्यांत अडकली तर कूलंट फिरत नाही. म्हणून हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, वरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहायचं. मामाने अंगणात उभं राहून "हवा काढण्यात येत आहेऽऽ" असं गल्लीभर ऐकवलं, हात पुसले आणि चहाला आत गेला.

दुपारी मामी म्हणाली, कोपऱ्यापर्यंत फिरवून बघू. कोपरा यायच्या आतच काटा वर चढायला लागला, आणि हीटर गरमवर असूनही गार वारा फेकत होता. मामी शिवणवर्ग घेते. उसवलेली शिवण तिला लांबून दिसते. तिने गाडी बंद करायला लावली.

"अहो, हवा काढलीत ना?"

"काढली की. सांगितलं नाही का मी?"

"सांगितलंत. पाना कुठला लावलात?"

मामा दार उघडून ढकलायला उतरला.

गाडी दोघांनी ढकलत घरी आणली. इंजिन पार गार झाल्यावर मामीने बॉनेट उघडलं. स्क्रूवरची धूळ जशीच्या तशी होती. तिने मामाच्या हातात पाना दिला, अट एकच घातली: काम संपेपर्यंत अवाक्षर नाही. स्वतः पायरीवर बसून कुणाच्या तरी परकराला काठ लावत राहिली.

मामाने स्क्रू सैल केला. फुस्स झालं, गुलाबी फेस आला. सांगण्यासारखं इतकं घडत होतं आणि सांगायची बंदी! गाल फुगायचे, भुवया वर जायच्या, शब्द गिळताना कंठ खालीवर व्हायचा. पातळी खाली गेली, त्याने भर घातली. पुन्हा बुडबुडे, पुन्हा भर. शेवटी अखंड धार आली. त्याने स्क्रू आवळला आणि मान डोलावून मामीला खूण केली. मग गाडी सुरू करून जरा तापू दिली, तर हीटरमधून असा गरम झोत आला की त्याला चष्मा काढून घाम पुसावा लागला.

रविवारी चढावर गाडी मामी चालवत होती. मागे आजी पर्स छातीशी धरून, उतरायच्या तयारीतच बसल्या होत्या. काटा मधोमध आला आणि वरच्या वळणापर्यंत तिथेच राहिला. तो दगड मागे गेला तेव्हा आजींनी पर्स बाजूला ठेवली आणि हीटर जरा कमी करा म्हणाल्या.

गाडी राहिली. दंतवैद्याला नाही म्हणायला मात्र मामीने मामालाच धाडलं; तेवढं काम नुसतं सांगण्याचं होतं.