आसमाचा लोड

मेहकरच्या कॉलेजात आसमा तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायची. वडील बशीरभाई पिंजारी. गाद्या, लोड भरायचे. त्या वर्षी बोंडअळीने बीटी कापसाचीही वाट लावली होती. गिऱ्हाईक किडका, डागाळलेला कवडी कापूसच आणून टाकायचे आणि बशीरभाई पिंजताना पुटपुटायचे, "बियाण्याच्या पाकिटावरचं खरं समजून पेरलं लोकायनं."

कॉलेजात एक पक्की जागा निघणार होती. प्राचार्य नारायणराव म्हणाले, "बुलढाण्याच्या विज्ञान प्रदर्शनात जिची प्रतिकृती गाजेल, तिची शिफारस मी करीन."

आसमाने बशीरभाईंकडून लांबोडका लोड भरून घेतला. ही तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारी. मधल्या जोडाला नुसता कच्चा टाका. जोडावर कड्या शिवल्या. ही पृष्ठावरची प्रथिने. मणी ओवलेली दोरी म्हणजे डीआरपी-१ नावाचे प्रथिन. एरवी ते पेशीद्रव्यात सुटे तरंगते. कड्यांनी बोलावले की मणी एकाला एक लागून वेढा घालतात, जीटीपी या रेणूच्या ऊर्जेवर आवळतात आणि तंतुकणिकेच्या दोन होतात.

तिच्याच डब्यात जेवणारी कोकिळाही तासिकेवरच होती. लोड पाहून ती हसली, "काऊन वं, वर्गात झोपाले आणला का?" मग तिने सगळे खोदून खोदून विचारले, आसमाने सगळे सांगितले. एक सोडून. पिंजाऱ्याच्या घरात लोड बांधताना आधी कापूस तळहातांनी दोन्हीकडे सारतात, मग दोरी ओढतात. पेशीतही आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीतले पडद्यांचे जाळे, आधी तंतुकणिकेला चिमटते, वेढा मागून पडतो. पण आसमाचे हात हे आपोआप करायचे. ते सांगायचे असते, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

"बसमध्ये लोड चेंगरन. माह्या गाडीत देऊन दे," कोकिळा म्हणाली.

आसमा बसने पोचली तेव्हा टेबलावर पाटी होती: कोकिळा. खाली दुसरे नाव नव्हते. परीक्षक समोर उभे होते. कोकिळा दोरी ओढत होती, लोड दबत नव्हता. दोरी कापडात रुतली, शिवण तडतडली. आसमाला अब्बांची सुई चालवणारी बोटे आठवली. ती पुढे झाली, तळहातांनी कापूस दोन्हीकडे सारला. दोरी आवळली, टाका सुटला, लोडाचे दोन झाले. टाळ्या पडल्या.

"या कोण?" परीक्षकांनी विचारले.

"आमच्याच कॉलेजच्या. मदतीले आणलं," कोकिळा म्हणाली.

आसमाने परीक्षकांशेजारी उभ्या असलेल्या नारायणरावांकडे पाहिले. लोड कोणी बनवला हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला.

आसमाने दोन्ही तुकडे उचलले आणि बस धरली. घरी बशीरभाईंनी विचारले, "नाव लागलं का बेटा?"

"लागलं अब्बा," ती म्हणाली. कोणाचे, ते तिने सांगितले नाही.

जागा कोकिळाला मिळाली. पुढच्या वर्षी तोच धडा आला. कोकिळा डबा घेऊन शेजारी बसली, भाजी पुढे सरकवली. "आसमा, तुवाला तो लोड आणजो बरं उद्या. पोरायले दाखवाले लागते."

आसमाने आपल्या डब्याचे झाकण लावले. "अब्बांनी विकून टाकला ताई."

घरी बशीरभाई दुपारची वामकुक्षी घेत होते. लोडाचा एक तुकडा डोक्याखाली होता, दुसरा पायाखाली.