बाटलीतलं पाणी थांबलं तेव्हा

मी आरमोरीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांच्या गळ्यातले ताईत पाहिले की माझं डोकं फिरतं. ही बाई भुतालाही अंगठे धरून उभं करेल, असं पोरं मागून म्हणतात... मला माहीत आहे. फुफ्फुसांचा धडा दरवर्षी फुगे लावून शिकवते – उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयालाही जागा लागते. अशी मी आज हे लिहितेय. हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही ढिवर. बाबांचा जन्म गावच्या तलावात मासे धरण्यात गेला. जाळं पाण्याखालच्या खुंटाला अडकलं की बुडी मारून सोडवायचं काम बाबांचंच. पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, माणसं घाबरायला लागली की मग हे निवांत वर यायचे! गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना ताप आला, धाप लागली, आणि आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. फुफ्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात, त्यांच्यामध्ये जेमतेम ओल असते. बाबांच्या त्या जागेत पाणी साठून उजवं फुफ्फुस दबलं होतं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं.

"ताई, श्वासासंगं नळीतलं पाणी वर-खाली होऊन राह्यलं पायजे," सिस्टर म्हणाली. "थांबलं तं मले आवाज द्या."

मग काय, मी स्टूल टाकून त्या बाटलीवर पहारा करत बसले.

बाबांचा जीव मात्र तलावात. मासेमारी सुरू झाली होती आणि त्यांच्या जागी माझा धाकटा भाऊ मंगेश बुड्या मारत होता.

"त्याचा दम लहान हाय, पोरी. मले सोडा म्हन डॉक्टरले."

"नळी घेऊन उतरता का तलावात?" मी दरडावलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीतलं पाणी थांबलं. बाबांची छाती हलत होती, ते चहा मागत होते – आणि पाणी जागच्या जागी! मी ओरडले. सिस्टर धावत आली, नळी चाचपू लागली, तेवढ्यात पाणी एकदम उसळलं आणि पुन्हा नीट हलू लागलं. "नळी दबली असन," ती म्हणाली. मलाही पटलं. पण थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा.

दुपारी मंगेशच्या बायकोचा, शालूचा, फोन आला. ती पाळीवरच उभी होती. बोलता बोलता म्हणाली, "थांबा बाई, हे बुडी मारून राह्यले." माझी नजर बाटलीवर. पाणी थांबलं. मग शालू हसली, "निघाले! पुसून राह्यले तोंड डाव्या हातानं." आणि त्याच क्षणी नळीत पाणी उसळलं.

डाव्या हातानं तोंड पुसणं ही मंगेशची लहानपणापासूनची खोड. उजव्या हातात जाळं असायचं ना.

योगायोग, मी मनाशी म्हटलं. तरी तोंडातून गेलंच, "शालू, त्याले आता बाहेर ये म्हन."

"एकच खुंट राह्यला बाई, झालंच."

फोन ठेवला आणि पाणी थांबलं. मी वाट पाहिली. ते उसळलं नाही.

सिस्टर आली, नळी पाहिली, बाबांना खोकायला लावलं. मग तिचा चेहरा खुलला. "ताई, पेढे आना! फुफ्फुस पसरलं की पाणी हलत नाई." बरोबर होतं तिचं. आवरणं एकमेकांना टेकली, मधली जागा मिटली – मीही वर्गात हेच शिकवलं असतं. एक्स-रे निघाला, डॉक्टरही खूश. मी मात्र शालूला फोन लावत सुटले होते. कोणी उचलत नव्हतं.

बाबा उठून बसले. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला त्यांनी!

"मंगेशले सांग, मी येऊन राह्यलो. पान्यात नोको जाऊ म्हन आता."

तेव्हा फोन वाजला. शालूला बोलता येत नव्हतं. मागून माणसांचा नुसता आरडाओरडा. मंगेशचा पाय जाळ्यात गुंतला होता, खुंटापाशीच; वर आणला तेव्हा श्वास नव्हता.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, ते पाणी मध्ये मध्ये का थांबायचं? नळीत घट्ट काहीतरी अडकत असेल, म्हणाले. असेल. मग शालू 'निघाले' म्हणाली नेमकं तेव्हाच ते सुटलं कसं?

बाबा आता ठणठणीत आहेत, तलावाकडे फिरकत नाहीत. पण दुपारी ते आडवे झाले की मी जवळ बसत नाही. मला भीती वाटते. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो... मग ते दचकून मोठा श्वास घेतात, आणि डोळे न उघडता डाव्या हातानं तोंड पुसतात.