मिटल्या डोळ्यांची बाहुली

टिचकी मारली की आमची बाहुली आडवी होते आणि डुलत डुलत पुन्हा उभी राहते. तंजावूरला आलेलं प्रत्येक माणूस ते बघून हसतं. तुम्हीही हसला असाल. आमच्या कारखान्यातले मामा मात्र आडव्या बाहुलीवर तळवा ठेवायचे आणि तिला उठूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, "थकली असेल. पडू दे घडीभर."

राजवाड्यामागच्या त्या शेडमध्ये मी बाहुल्यांचे डोळे रंगवते. मामा बुडं भरायचे. गोल बुडात जड माती असते, म्हणून बाहुली उठते. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी फारशी बोलत नाही, ते दोघांचंही बोलायचे. मालकाच्या पोटातली माती पण मीच भरली, असं हळूच सांगायचे. मी हसले की हात हलायचा आणि एखादी बाहुली चकणी व्हायची.

मग मामी न्हाणीत पडल्या. कंबर मोडली, आणि त्या अंथरुणालाच लागल्या. जो तो येऊन सांगे, धीर धरा, रोज थोडं उठून बघा. मीही तेच सांगून आले. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "सगळे तिला उठवायलाच येतात, अक्का. नुसतं पडलेलं माणूस कुणाला चालतच नाही."

तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलं, की उभी केली तरी आपणहून आडवी होणारी बाहुली करायची. मी म्हटलं, मग बूड भरूच नका. ते म्हणाले, तशी ती पडेल. मला निजणारी हवी.

माती एका कुशीला लावली तर ती धपकन कोसळायची. मग त्यांनी कावेरीची बारीक वाळू आणली, आत पुठ्ठ्याचा पडदा बसवला, पडद्याला भोक ठेवलं. वाळू सरकेल तशी बाहुली कलायची, आणि शेवटी गाल टेकून निजायची. डोळे मिटलेले काढ म्हणाले. मी काढले.

मालकाने ती बघितली. नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात त्या कोलूच्या पायरीवर निजणारी बाहुली कोण मांडेल, असं त्याने विचारलं. मामा म्हणाले, ज्यांच्या घरी कुणी पडून आहे ते मांडतील. मालक सावकाश म्हणाला, "त्यांना तर उठणारीच हवी असते."

मामांनी ती घरी नेली, मामींच्या उशाशी ठेवली. आठवड्याने परत आणून शेडमधल्या फळीवर टाकली. त्यांनीच सांगितलं. "तुझी मामी दिवसभर तिला उभी करते. ती निजली की पुन्हा उभी करते. हात दुखेपर्यंत."

त्यानंतर त्यांनी कुठल्याही बाहुलीवर तळवा ठेवला नाही. मुकाट्याने बुडं भरत राहिले. मामी गेल्या. मामा पापनाशमला भावाकडे गेले, आणि यंदा उन्हाळा संपताना तेही गेल्याचं कळलं.

कोलूसाठी माल काढताना मालकाला फळीवरची बाहुली सापडली. नव्या माणसाने वाळू काढून टाकली आणि माती भरली. काल ती माझ्यापुढे आली, डोळे उघडे काढायला.

मी टिचकी मारली. ती आडवी झाली आणि मिटल्या डोळ्यांनीच उठली. पुन्हा आडवी केली आणि वर तळवा ठेवला. तळव्याखालून ती सारखी उठायला बघत होती.