राजूसारखाच मुलगा हवा

चहा ओतून घ्या, गार होईल. मी एकदा सांगायला लागले की थांबत नाही. ऐकता ऐकता तुम्ही मध्येच हसाल, तेही मला माहीत आहे. हसा. मी स्वतः अजून नीट हसलेली नाही, पण तुम्ही हसा. माणसाने घोळ तरी किती घालावा? माझ्या घोळात विद्यापीठ आलं, पोलीस आले, आणि एका पोराचा एक रविवार गेला. तो रविवार काही मला परत आणता आला नाही.

आधी माझा स्वभाव सांगते. मला काळजी करायला कारण लागत नाही. नितीनला, म्हणजे माझ्या मुलाला, शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की माझ्या डोळ्यांसमोर ट्रक येतो. तो शिंकला की मला न्यूमोनिया दिसतो. आमचे हे आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा अंधेरीला एका कारखान्यात लागले. ते म्हणतात, "गिरणीचा भोंगा थांबला, घरातला काही थांबत नाही."

आम्ही घाटकोपरला राहतो, डोंगराच्या अंगावरच्या चाळीत. शेजारी शालू. मधली भिंत अशी की तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलो. तिचा राजू आणि माझा नितीन दोन महिन्यांच्या अंतराने झाले. एकच शाळा, एकच वर्ग, तिसरीचा, आणि बाकही एकच. खोडरबरसुद्धा एकच, ब्लेडने कापून अर्धा अर्धा केलेला. फरक म्हणाल तर एवढाच, की शालूच्या नवऱ्याला गिरणीनंतर काम मिळालंच नाही. तो गावाला जाऊन बसला आणि शालू औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला जायला लागली. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. तिची धाकटी छकुली दिवसभर माझ्याकडे असायची आणि राजू दुपारी माझ्याकडेच जेवायचा. जेवल्यावर तो कुठे जातो हे मात्र मी कधी बघितलं नाही. माझं सगळं बघणं नितीनवरच खर्च व्हायचं.

एके दिवशी मोठ्या पोरांनी राजूला सोबत नेलं. एक कंपनी बंद पडून होती, तिच्या भिंतीला भोक होतं. त्यातून आत जाईल एवढा बारीक राजूच. आतून पितळेचे नळ काढून द्यायचे, बस. रखवालदार आला तशी मोठी पोरं पळाली. राजूही पळाला होता, पण एक चप्पल मागे राहिली. नवी होती. ती आणायला तो परत गेला.

चप्पल मिळाली. आधी चाळीखालची पोलीस चौकी, मग रिमांड होम. दर रविवारी शालू त्याला भेटायला जायची आणि मी छकुलीला सांभाळायची. शालू परत आली की मी काही विचारायची नाही, ती काही सांगायची नाही. मी फक्त चहा टाकायची.

तर अशात एका गुरुवारी संध्याकाळी, शालू कामावरून आल्यावर, चष्मा लावलेली, खांद्याला शबनम अडकवलेली एक बाई शालूकडे आली. तास-दीड तास बसली. भिंत तर तुम्हाला सांगितलीच. बोलणं सगळं कळलं नाही, पण "नितीन" हे नाव दोनदा ऐकू आलं. थोड्या वेळाने बाई माझ्याच दारात.

म्हणाल्या, मी विद्यापीठात शिकते, पीएच.डी. करते आहे. मी त्यांना मॅडम म्हटलं. मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या, पण पुढे जे बोलल्या ते ऐका. "मला राजूच्याच वयाचा, त्याच शाळेतला, त्याच चाळीतला मुलगा हवा होता. अगदी राजूसारखाच. शालूताईंनी तुमच्या नितीनचं नाव सुचवलं."

मग त्यांनी सायक्लोस्टाइल केलेले चार कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, वाचून ठेवा, पुढच्या बुधवारी येते, नितीनशीही बोलायचं आहे. मी सातवी शिकलेली आहे, कागद वाचता येतो. वर छापलं होतं, "बालगुन्हेगारी". त्यापुढेही काही शब्द होते, पण त्या एका शब्दानंतर मला दिसायचं बंद झालं. खाली दोन रकाने. डावीकडे राजूचं नाव. उजवीकडे माझ्या नितीनचं.

आता तुम्हीच सांगा, दुसरी कुठली आई काय समजली असती?

मी समजले की यादी झाली. एक नेला, आता दुसरा नेणार. शिकलेली बाई आहे म्हणून गोड बोलून नेणार, एवढाच फरक.

ते कागद मी दार लावून वाचले. मुलगा खोटं बोलतो का? शाळा बुडवतो का? न सांगता घरातून जातो का? त्याला मारता का? आईवडिलांची भांडणं होतात का? शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत? खरं सांगते, त्या गुरुवारी सगळ्याची उत्तरं चांगली होती. जे नको ते नव्हतं आणि शेजार तर बहिणीसारखा. तशीच लिहून दिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

शेवटचा प्रश्न असा होता, की मुलावर वाईट परिणाम करणारी कोणी व्यक्ती आसपास आहे का. असल्यास नाव आणि नातं. मी नितीनची पेन्सिल घेतली आणि तेवढी एकच जागा भरली. राजू. शेजारी.

शुक्रवारी मी नितीनला शिकवायला बसवलं. मॅडमनी विचारलं राजूशी खेळतोस का, तर काय म्हणायचं? नाही म्हणायचं. राजूला ओळखतोस का? कोण राजू?

"पण मी ओळखतो ना," नितीन म्हणाला.

"ओळखत नाहीस."

"आई, तो माझ्या बाकावर बसतो."

दहादा शिकवलं. अकराव्यांदा मी विचारलं, राजू कोण, तर म्हणाला, "माझा मित्र." तेव्हा माझा हात उठला. आठ वर्षांत पहिल्यांदा. तो रडला नाही, माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोण राजू." अगदी बरोबर उत्तर.

शनिवारी सकाळी आमच्या ह्यांना म्हटलं, खोली बदलूया, मालाडला जाऊया. ते म्हणाले, तुला वेड लागलंय. त्यावरून जे वाजलं, ते दोन चाळींनी ऐकलं.

आणि शनिवारीच संध्याकाळी शालू छकुलीला घ्यायला आली. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून तिने राजूसाठी रव्याचे लाडू वळले होते, चार लाडू नितीनसाठी वाटीत आणले होते. मी वाटी घेतली नाही. तिला म्हटलं, "तुझं पोर आत गेलं, आता त्याच्या सोबतीला माझं हवंय का तुला?"

शालू एवढी तोंडाची बाई, नळावर तिच्यापुढे कोणी टिकत नाही, पण तिने वाटी पदराखाली झाकली. छकुलीला कडेवर घेतलं आणि गेली.

रविवारी सकाळी तिने छकुलीला माझ्या दारापर्यंत आणलेलं मला कळलं. कडी वाजली. मी आत उभी होते. उघडलं नाही. ती थोडा वेळ थांबली आणि परत फिरली. अडीच वर्षांच्या पोरीला तापात घेऊन कुठे जाणार? पोरीला ताप होता हे मला नंतर कळलं. त्या रविवारी शालू भेटायला गेलीच नाही.

सोमवारी मी नितीनला शाळेत न पाठवता विक्रोळीला नणंदेकडे नेऊन ठेवलं. तिला सांगितलं, बुधवारपर्यंत याला दाराबाहेर सोडू नका. ती म्हणाली, काय केलंय काय याने? मी म्हटलं, काही केलं नाही म्हणूनच ठेवतेय. तिला ते काही समजलं नाही. मला तरी कुठे समजत होतं?

बुधवार आला, मॅडम आल्या. मी पाणी दिलं, चहा दिला, आणि मॅडमच्या डोळ्यात बघून म्हटलं, "नितीन गावाला गेलाय."

आणि दारात हवालदार उभा. त्याच्या हाताला धरून नितीन.

हवालदार म्हणाला, "बाई, हा तुमचाच ना? चौकीत येऊन बसलाय. म्हणतो, मला राजूकडे पाठवा. काय केलंस विचारलं तर म्हणतो, मी खोटं बोललो."

चौकी त्याला माहीत होती, राजूला पहिल्यांदा तिथेच नेलं होतं ना. विक्रोळीहून चालत आला होता, विचारत विचारत. राजूला एवढंच सांगायचं होतं की मी तुला ओळखतो. आईने म्हणायला लावलं होतं, पण ओळखतो.

ज्या पोलिसाच्या भीतीने मी हे सगळं केलं, तो पोलीस माझ्याच पोराने घरी आणला. हवालदाराने बिचाऱ्याने त्याला बिस्कीटही घेऊन दिलं होतं.

तो गेल्यावर मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि मला शांतपणे समजावलं. बालगुन्हेगारी म्हणजे यादी नव्हे, अभ्यास. जो मुलगा बिघडला त्याच्या शेजारी, सगळं सारखं असून न बिघडलेला मुलगा ठेवायचा आणि काय वेगळं आहे ते बघायचं. डावा रकाना राजूचा. उजवा रकाना चांगल्या मुलाचा.

"चांगल्या?" मी विचारलं.

"शालूताईंनीच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "म्हणाल्या, नितीनची आई दिवसभर त्याच्या मागे असते. माझ्याकडून तेवढं झालं नाही. ती काय करते ते नीट लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या बायांना कळेल."

मी काय करते ते. घ्या लिहून.

मॅडमनी पेन उघडलं. मला आता खोटं बोलवेना. मुलगा खोटं बोलतो? हो. कधीपासून? शुक्रवारपासून. कोणी शिकवलं? मी. शाळा बुडवतो? तीन दिवस. कोणी बुडवायला लावली? मीच. न सांगता घर सोडून गेला? आज सकाळी. मारता? एकदा. नवराबायकोत भांडण? शनिवारी. शेजाऱ्यांशी संबंध? तिथे मी मधल्या भिंतीकडे बघितलं.

मॅडमनी पेन बंद केलं. म्हणाल्या, "हे मी आता कुठल्या बाजूला लिहू?"

"नितीन चांगला आहे हो मॅडम."

"नितीन चांगलाच आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पुढचं बोलल्या नाहीत. एवढंच सांगितलं की हा मुलगा आता अभ्यासाला चालणार नाही, दुसरा शोधावा लागेल. कागद राहू द्या तुमच्याकडेच. म्हणजे बघा, माझं पोर चांगलं म्हणून निवडलं गेलं होतं आणि सहा दिवसांत मी त्याला नापास करून दाखवलं.

त्याच संध्याकाळी मी शालूकडे गेले. ती छकुलीला भात भरवत होती. मी बोलायच्या आधीच म्हणाली, कामावर निरोप आला, राजूला काल हलवलं. कोर्टाच्या हुकमाने, पुण्याच्या पुढे कुठल्याशा संस्थेत. आता दर रविवार नाही. महिन्यातून एकदा, तेही रजा मिळाली तर.

म्हणजे तो रविवार इथला शेवटचा होता. राजू तयार होऊन बसला असेल. त्याला कोणी सांगितलं असेल की आज येत नाहीत?

मी माफी मागितली. शालू म्हणाली, "भात निवतोय." आणि भरवत राहिली.

तीन आठवडे भिंतीपलीकडून माझ्यासाठी एक शब्द आला नाही. छकुलीला ती सकाळी कामावरच घेऊन जायची. नितीन जायचा तिच्याकडे, मी नाही. एका दुपारी डब्यातून ते कागद काढले. शेवटच्या प्रश्नापुढे माझ्या अक्षरात राजूचं नाव तसंच होतं. नितीनच्या दप्तरातून तो अर्धा खोडरबर घेतला, नाव खोडलं, आणि बॉलपेनने माझं पूर्ण नाव लिहिलं. नातं : आई. संध्याकाळी शालू कामावरून आली तशी ते कागद घेऊन तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तोंडाने काही सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

शालूने वाचलं. चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"दोन वर्षं वणवण फिरतेय ती मॅडम, पोरं कशाने बिघडतात ते शोधत," ती म्हणाली. "हे नेऊन दे तिला. पीएच.डी. तुलाच मिळेल."

ती हसत नव्हती. पण कागद परत देताना तिने छकुलीलाही माझ्या कडेवर दिलं. म्हणाली, उद्या राजूला भेटायला जातेय, रजा मिळालीय, लाडू वळायचेत, तोवर हिला बघ. उद्याही तुझ्याकडेच ठेवते.

मी पोरीला घेऊन वळले, तर मागून हाक आली.

"सुनंदा, हिला नुसतं सांभाळ हं. हिच्यावर काही परिणाम करू नकोस."