साहेबांचं ‘क्रुपया’

वेलांटीताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कारखान्यात कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती. हे नाव त्यांनी कमावलेलं होतं. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरी आले तरी रद्दीच्या पुडीवरच्या चुका नखाने दाखवायचे. ती खोड लेकीत जशीच्या तशी उतरली. नवऱ्याने सामानाच्या चिठ्ठीत ‘साबन’ लिहिलं की ताई ती चिठ्ठी दुरुस्त करूनच बाहेर जाऊ द्यायच्या. नवरा म्हणायचा, “दुकानदाराला कळतंय, मला कळतंय. अडतंय कुणाचं?” ताईंचं अडायचं.

कारखाना औषधांच्या बाटल्यांची झाकणं करायचा. खाली यंत्रं धडधडत आणि वरच्या मजल्यावर कचेरीतली टेबलं त्या तालावर थोडी थोडी हलत. ताईंकडे माणसांचं खातं होतं. कुणाची रजा, कुणाची पाळी, कोण कुठे राहतो, हे सगळं त्यांच्या संगणकात आणि त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात. पण त्यांचा खरा दरारा होता तो खोटे मेल पकडण्यात. ‘तुमचे खाते बंद होनार आहे’ असा मेल आला की लोक तो घेऊन आधी ताईंकडे येत. ताई चष्मा वर सरकवून म्हणत, “होनार? नळाचा न? खोटा आहे. काढून टाका.” त्यांनी सगळ्यांना एक नियमच घालून दिला होता, अशुद्ध ते खोटं. कम्प्युटरवाल्याने प्रशिक्षणात तो नियम चार लोकांसमोर वाखाणला, तेव्हा ताईंचे पाय दोन दिवस जमिनीला लागले नव्हते.

याच कम्प्युटरवाल्याने पुढे लोकांची परीक्षा घ्यायला स्वतःच खोटे मेल पाठवायला सुरुवात केली. जो फसेल त्याला नीट समजावून सांगायचं, एवढाच बिचाऱ्याचा बेत होता. पण समजावून सांगण्यात मजा ती काय? ताईंनी एका पुठ्ठ्यावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘आजचं गिऱ्हाईक’, आणि फसणाऱ्याच्या टेबलावर तो दिवसभर ठेवायचा प्रघात पाडला. पहिला पुठ्ठा गोदामकाकांना मिळाला. गोदाम सांभाळून केस पिकलेला माणूस, डोळ्यांत तेल घालून माल मोजणारा, आणि फुकट पंख्याच्या मेलवर बोट दाबून बसला. सगळी कचेरी हसली. काकाही हसले. पुठ्ठा मात्र त्यांनी संध्याकाळी उलटा करून ठेवला, हे कुणी पाहिलं नाही.

मग कचेरीत लिहून देणारं ते नवं साधन आलं. मोडकंतोडकं काहीही सांगा, ते गुळगुळीत भाषेत पत्र करून देई. साहेबांनी सभा घेऊन फर्मावलं, सगळ्यांनी वापरायचं. महिनाभरात कचेरीची भाषा अशी सुधारली की ताईंना करमेना. ज्याला रजेचा अर्ज धड जमत नव्हता, तो आता ‘आपल्या सहानुभूतीपूर्वक विचाराची अपेक्षा आहे’ असं लिहू लागला. ताई मेल उघडत, चूक शोधत, आणि रिकाम्या हाताने बंद करत. आपली गरज संपत चालली आहे की काय, हा किडा तेव्हापासून त्यांच्या डोक्यात वळवळायला लागला. हातातलं काम सोडून त्या उगाच उठायच्या, पाण्याची बाटली भरून आणायच्या, आणि भरलेली असली तरी परत जायच्या.

अशाच एका सकाळी साहेबांचा मेल आला. ‘सर्व कर्मचाऱ्यांची नावे, पाळ्या आणि सध्याचे घरचे पत्ते कृपया दुपारपर्यंत पाठवावेत. नव्या प्रणालीत ही माहिती भरावयाची आहे. आपल्या नेहमीच्या तत्परतेबद्दल मनःपूर्वक आभार.’

ताईंनी तो दोनदा वाचला. एक काना इकडचा तिकडे नव्हता. ‘मनःपूर्वक’मधला विसर्गसुद्धा जागेवर. आणि ‘कृपया’. साहेब जन्मभर ‘क्रुपया’ लिहीत आले होते. ताईंनी एकदा धीर करून सांगितलं, तेव्हा म्हणाले होते, “अर्थ कळला ना? मग झालं.” तेच साहेब आज शुद्ध लिहीत होते, वर आभार मानत होते. साहेबांनीही ते साधन वापरायला घेतलं म्हणायचं. इतक्या वर्षांत आभाराचा शब्द पहिल्यांदाच आला होता, आणि ताईंना तो गोड लागला. मजकूर त्यांनी बारकाईने तपासला. मेल कुठल्या पत्त्यावरून आला, ते पाहिलं नाही. नियम अशुद्धाचा होता, आणि इथे तर सगळं शुद्ध होतं. त्यांनी यादी जोडली आणि पाठवून दिली.

जेवणाची सुट्टी झाली, डबे बंद झाले, आणि साहेबांचा आणखी एक मेल आला. ‘क्रुपया उद्याची मिटींग दूपारी घ्या. आणी मला पून्हा विचारू नका.’

पाच चुका पाहून एरवी ताईंच्या कपाळावर आठ्या चढल्या असत्या. पण साहेब आजही ‘क्रुपया’च लिहीत होते. त्यांनी सकाळचा मेल पुन्हा उघडला आणि या वेळी वरचा पत्ता एकेक अक्षर करून वाचला. कारखान्याच्या नावात एक अक्षर जास्त होतं. साधं, निरुपद्रवी दिसणारं एक जादा अक्षर, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत निसटलेलं.

पहिला विचार त्यांना स्वतःचा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. पुठ्ठा आठवला. आता तो आपल्या टेबलावर येणार, आणि आणणारे हात कुणाकुणाचे असतील तेही दिसलं. आपण यादी पाठवलेला मेल त्यांनी संगणकातून पुसून टाकला. पुसल्याने गेलेली यादी परत येत नाही, हे इतरांना त्यांनीच शिकवलं होतं. तरी पुसला. मग उठून बाटली भरून आणली. परत बसल्या. कुणी जाहिरातवाला असेल, मनात म्हणाल्या, पत्ते घेऊन काय करणार? पत्रकं पाठवेल. झाकणांच्या कारखान्यात आयुष्य गेलं होतं, कशावर झाकण कसं बसवायचं हे तिथे कुणाला शिकवावं लागत नसे.

पण यादीतली एक ओळ काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. लेबलवालीची.

लेबलवाली खोक्यांवर लेबलं लावायची. वर्षभरापूर्वी लहान मुलीचा हात धरून कामाला आली होती. पत्ता विचारला तेव्हा तिने दाराकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाली होती, “नवऱ्यापासून निघून आलेय, ताई. दोन घरं बदलली. दोन्हीकडे त्याने शोधून काढलं. कुणाला सांगत नाही, पण तुमच्यापाशी ठेवते.” ताईंनी तिचा हात दाबून म्हटलं होतं, “माझ्यापाशी आहे म्हणजे कुलपात आहे, पोरी.” आणि तो शब्द त्यांनी पाळलाही होता. नवऱ्यालासुद्धा कधी बोलल्या नव्हत्या.

जाहिरातवाला असेल, ताई पुन्हा म्हणाल्या. पण पाय थांबेनात. जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या. लेबलवालीची आज दुपारची पाळी नव्हती, म्हणजे ती घरी होती. तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मात्र ताईंनी बाटली टेबलावर ठेवली आणि कम्प्युटरवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळी कचेरी ऐकेल एवढा त्यांचा आवाज आपोआप चढला होता.

“मी फसले. साहेबांच्या नावाने खोटा मेल आला होता. सगळ्यांचे घरचे पत्ते मी बाहेर पाठवलेत. सकाळीच. आणि मला कळून बराच वेळ झालाय.”

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, थट्टा वाटून. ताईंचा चेहरा पाहून ते हसू तिथेच विरलं. कम्प्युटरवाल्याने विचारलं, “यादीत धोका होईल असं कुणी आहे का?” तेवढ्यात गोदामकाकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“असाच एक मेल मलाही आला होता,” ते म्हणाले. “गेल्या आठवड्यात. साहेबांच्याच नावाने. लेबलवालीची पाळी कुठली, ती सुटते कधी. साहेब तिची पाळी मला कशाला विचारतील? म्हणून मी उत्तर नाही दिलं.”

“मग सांगितलं का नाही, काका?” कम्प्युटरवाल्याने विचारलं.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ताईंकडेही नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. “खोटा नसता तर उगाच बोंब मारली म्हणून हसला असतात. खोटा असता तर उघडलाच कशाला म्हणून हसला असतात. मला परत गिऱ्हाईक व्हायचं नव्हतं.”

ताईंच्या कानशिलांत यंत्रं धडधडू लागली. आठवडाभर आधी हाताशी आलेली खबर त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरांनी परतवून लावली होती. पण रडायला सवड नव्हती. लेबलवालीचा नवरा तिला शोधतोय, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. कम्प्युटरवाल्याने पोलिसांना फोन लावला आणि काका म्हणाले, “खाली टेंपो उभा आहे. चला.”

टेंपोत मागे झाकणांची खोकी आदळत होती. ताई पुढे बसून फोन लावत होत्या. प्रत्येक सिग्नल लाल होता, आणि प्रत्येक लाल सिग्नलला ताई आपण भरून आणलेल्या बाटल्या मोजत होत्या. ती बाटली भरायला गेले नसते तर. तो मेल पुसत बसले नसते तर. काका एकदाच म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. मला नाही जमलं.” त्या दिलाशाने ताईंना जास्तच अपराधी वाटलं.

लेबलवालीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण कपडे वाळत घालत होती. “ती पोरीला आणायला शाळेत गेली,” ती म्हणाली. “तिच्या भावाला पण मी तेच सांगितलं.”

“भाऊ?”

“आत्ताच येऊन गेला की. फार सभ्य माणूस. भाचीसाठी फळं आणली होती.”

लेबलवालीला भाऊ नव्हता. ताईंना ते ठाऊक होतं, त्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं.

शाळेच्या फाटकाशी पालकांचा घोळका होता. काकांनी टेंपो थेट फाटकाला भिडवला, मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा गजर केला. लेबलवाली मुलीचं दप्तर खांद्याला लावून बाहेर येत होती, फोन कुठल्या तरी पिशवीच्या तळाशी. ताईंनी तिला दंडाला धरून वर ओढलं, मुलीला काकांनी उचललं. “आधी बस, मग सांगते,” ताई म्हणाल्या. टेंपो हलला तेव्हा समोरच्या पदपथावर त्यांना एक माणूस दिसला. इस्त्रीचा सदरा, हातात फळांची पिशवी, नजर फाटकावर. इतका साधा माणूस की बसमध्ये ताईंनी त्याला सरकून जागा दिली असती. लेबलवालीनेही पाहिलं. तिने मुलीचं डोकं मांडीत दाबलं आणि वर आपली ओढणी टाकली.

पोलीस ठाण्यात ताईंनी सगळं सांगितलं, आपण काय पुसलं तेही. साहेबांच्या नावाने आलेला तो मेल कागदावर काढून लेबलवालीच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ वाचला.

“हे त्याने नाही लिहिलं,” ती म्हणाली. “त्याला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, ताई. घरी चिठ्ठी ठेवायचा तर मला त्यातलं अर्धं कळायचं नाही.”

“आता यायला लागतं कुठे?” ठाण्यातली हवालदारीण म्हणाली. “यंत्राला सांगायचं, साहेबासारखं लिही. ते लिहून देतं.”

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा ताईंनी स्वतः आपल्या टेबलावर आणून ठेवला. तासाभराने गोदामकाका आले, पुठ्ठा उचलला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. साहेब ओरडायचे तेवढे ओरडले, मग ताईंनी सांगितलेला नवा नियम त्यांनी लागू केला. मेल कुणाचाही असो, माणसांबद्दल काही मागितलं तर उठून मागणाऱ्यालाच तोंडी विचारायचं. ताई आता साहेबांच्या केबिनचं दार इतक्यांदा ठोठावत की साहेब वैतागत. पण ‘मला पून्हा विचारू नका’ असं त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. लोकही मेल घेऊन परत ताईंकडे येऊ लागले, नुसती शंका आली तरी. ताई कुणाला हसत नसत. रात्री मात्र त्यांना झोप लागायची नाही. नवरा म्हणायचा, “पोरगी वाचली ना?” वाचली होती. पण तिसरं घरही गेलं होतं, आणि मुलीची शाळाही.

साहेबांनी लेबलवालीला दुसऱ्या गावातल्या कारखान्यात काम मिळवून दिलं. निघण्याआधी ती कागद घ्यायला वर आली. मुलगी बरोबर होती, टेबल यंत्रांच्या तालावर हलतं याची तिला गंमत वाटत होती. ताईंनी कागद पुढे केले. सवयीने तोंडातून निघून गेलं, “उरलेले कागद मागाहून पाठवीन, पत्ता…”

लेबलवालीने दाराकडे बघून घेतलं, तसंच, पहिल्या दिवसासारखं. मग ताईंचा हात हातात घेतला.

“मीच फोन करीन, ताई. तुम्ही धावत आलात, ते मी विसरणार नाही. राग मानू नका. पण आता मी कुणापाशीच ठेवत नाही.”

“बरोबर आहे तुझं,” ताई म्हणाल्या. ती जिना उतरून गेली. ताईंनी पत्त्याचा रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली.